कोल्बोट्नच्या पोरी आणि क्लब चालवणारे आईबाप

ओस्लोकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

मागे एका धाग्यावर नॉर्वेची फुटबॉलपटू आदा हेगरबर्ग हिचा विषय निघाला होता. पहिला महिला बॅलन डी'ओर, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूचा पुरस्कार (२०१८), जिंकणारी ही मुलगी कुठल्या अकादमीतून आली, असं कुणीतरी विचारलं होतं. उत्तर दोन ओळींत मावणारं नव्हतं, म्हणून हा वेगळा धागा.

अकादमी वगैरे काही नाही. ओस्लोपासून दक्षिणेला, लोकलने पावएक तासावर कोल्बोट्न नावाचं उपनगर आहे. एक तळं, एक स्टेशन, टेकडीवर घरं. मेटल ऐकणाऱ्यांना डार्कथ्रोन हा बँड इथला म्हणून माहीत असेल, बाकी जगाला माहीत असण्यासारखं काही नाही. इथल्या क्लबाचं नाव कोल्बोट्न आयएल, स्थापना १९१५. आदा आणि तिची मोठी बहीण आन्द्रीने २०१० साली याच क्लबाकडून पहिल्यांदा नॉर्वेच्या सगळ्यात वरच्या महिला लीगमध्ये खेळल्या. पुढच्या वर्षी रोआ या ओस्लोच्या क्लबाविरुद्ध आदाने ७ मिनिटांत हॅटट्रिक केली, तेव्हा ती १६ वर्षांची होती.

आता 'क्लब' म्हटलं की आपल्याला आधी मालक दिसतो. इथे मालक ही भानगडच नाही. सभासद असतात, वार्षिक सभा असते, हिशेब मांडले जातात, कार्यकारिणी निवडली जाते. ज्या वर्षी १५ पूर्ण होतात त्या वर्षापासून पोरांनाही मत. अध्यक्ष म्हणजे बहुतेक वेळा कुणाचा तरी बाप किंवा आई, जिला 'नाही' म्हणता आलं नाही.

आणि काम कोण करतं? तेच. याला इथे डुगनाड म्हणतात, आपलं श्रमदान म्हणा हवं तर. फरक इतकाच की टाळलं तर कोणी रागवत नाही, फक्त पुढचं वर्षभर लोक तुमच्याशी जरा जास्तच सभ्यपणे बोलतात. माझी मुलगी शेजारच्या एका क्लबात खेळते, त्यामुळे हे सगळं जवळून बघतोय. एक पालक मॅनेजर, एक-दोन कोच, एक पालक संपर्काचा. सामन्याच्या दिवशी एकाने चमकदार जॅकेट घालून 'यजमान' व्हायचं: पाहुण्या टीमचं स्वागत करायचं, रेफ्रीशी हात मिळवायचा (रेफ्री बहुतेकदा शाळकरी पोरगा किंवा पोरगी), आणि एखादा बाप बाजूने ओरडायला लागला तर त्याला गोड बोलून गप्प करायचं. बाकीचे टपरीत वाफल भाजतात. नॉर्वेतलं फुटबॉल वाफलवर चालतं, हे मी गंभीरपणे लिहितोय.

लहान वयाचे नियम आपल्याकडच्या पालकांना पचणार नाहीत. सहा-सात वर्षांची पोरं तिघं विरुद्ध तिघं खेळतात, मग पाच, सात, नऊ, आणि शेवटी अकरा. एक टीम चार गोलांनी मागे पडली की तिला एक जादा खेळाडू उतरवता येतो. पोरं ११ ची होईपर्यंत गुणतक्ता प्रसिद्ध करायचा नाही, राष्ट्रीय पातळीच्या स्पर्धा १३ च्या आधी नाहीत. मुली आणि मुलगे बऱ्याच ठिकाणी एकत्र खेळतात. आदाही लहानपणी सुन्दालसोरा नावाच्या गावात मुलांबरोबरच खेळली. फियोर्डच्या टोकाला, अ‍ॅल्युमिनियमच्या कारखान्याभोवती वसलेलं गाव, अख्ख्या सुन्दाल नगरपालिकेची वस्ती ७ हजारांच्या आसपास. चेल्सीकडून खेळलेली गुरो राइटनही तिथलीच. एकाच गावात वाढलेल्या, वयात वर्षाचं अंतर असलेल्या दोघी!

परत कोल्बोट्नवर येतो. त्यांच्या महिला संघाने २००२, २००५ आणि २००६ अशी तीनदा लीग जिंकली, २००७ मध्ये कप जिंकला. सिडनी ऑलिंपिकच्या सुवर्णसंघातली सोल्वैग गुलब्रान्सेन ही इथली मोठी खेळाडू. २००६-०७ मध्ये हा संघ युरोपियन कपच्या सेमीफायनलपर्यंत गेला. तेव्हा त्या स्पर्धेला यूएफा विमेन्स कप म्हणत, आजची चॅम्पियन्स लीग. तिथे स्वीडनच्या उमेओ संघाने त्यांचा पार चेंदामेंदा केला, दोन सामन्यांत मिळून ११ गोल. समोर ब्राझीलची स्टार मार्ता होती, दोष कुणाला देणार! पण उपनगरातला पालकांचा क्लब युरोपच्या शेवटच्या चारांत, ही गोष्ट राहतेच.

२०२२ च्या शेवटी हाच संघ वरच्या लीगमधून घसरला आणि २०२४ ला परत आला. आता लीगमध्ये वर बघितलं तर ब्रान, वोलेरेंगा, रोसेनबोर्ग. म्हणजे पुरुषांचे मोठे क्लब. आणि यातले काही महिला संघ त्यांनी शून्यातून उभे केलेले नाहीत, लहान क्लबांकडून आलेत. पैसा संपत आलेल्या आस्कर क्लबाचा संघ २००९ मध्ये स्टाबेककडे गेला. सात वेळा लीग जिंकलेला ट्रोंडहाइम्स-ओर्न २०२० मध्ये रोसेनबोर्ग झाला. बर्गनच्या सांडविकेनने २०२१ ला पहिल्यांदा लीग जिंकली आणि पुढच्याच हंगामात त्यांच्या अंगावर ब्रानचा लाल शर्ट होता.

पुरुषांच्या क्लबांनी तीस-चाळीस वर्षं ढुंकून पाहिलं नाही, पालकांनी वाफल विकून संघ घडवले, आणि टीव्हीचे पैसे यायला लागल्यावर आयतं ताट पुढे आलं. मला हे खटकतं. तुम्हाला काय वाटतं?

---

निशिगंधा

मस्त लिहिलंय. वाफल समजलं, पण एवढ्यावर युरोप दौरे कसे होतात? माझी नणंद ड्राम्मेनला असते, ती म्हणते क्लबासाठी टॉयलेट पेपर विकावा लागतो. मला वाटलं ती थट्टा करतेय.

---

ओस्लोकर

थट्टा नाही. टॉयलेट पेपरचे मोठाले गठ्ठे क्लबाच्या नावाने घरी येतात, ते शेजाऱ्यांना, ऑफिसात विकायचे, नफा टीमला. नॉर्वेत प्रत्येक ऑफिसात दर सहा महिन्यांनी कुणीतरी ओशाळं हसत ही यादी घेऊन फिरत असतं. सगळे घेतात, कारण पुढच्या वेळी त्यांची पाळी असते. शिवाय केकची लॉटरी, जुन्या सामानाचा बाजार.

दुसरा मार्ग सरकारी लॉटरीचा. नॉर्स्क टिपिंगचं तिकीट घेताना आपला लाडका क्लब निवडता येतो आणि खेळलेल्या रकमेचे ७ टक्के थेट त्या क्लबाला जातात. तुमच्या बक्षिसातून काही कापलं जात नाही. नवी मैदानं बांधायलाही याच लॉटरीच्या नफ्यातून अनुदान मिळतं. बाकी वर्गणी, प्रशिक्षणाची फी आणि गावातल्या दुकानांच्या पाट्या.

पण तुमचा प्रश्न बरोबर आहे. एवढ्यात मुलांचं फुटबॉल चालतं, पगारी संघ चालत नाही. लीगमधल्या कितीतरी मुली कॉलेज किंवा नोकरी सांभाळून खेळल्या आहेत, अजूनही खेळतात.

---

पावसाळी_बर्गन

धागाकर्त्याशी सपशेल असहमत. मी बर्गनमध्येच राहते आणि सांडविकेनचे सामने पाहिले आहेत. छोटं मैदान, ओळखीचे चेहरे, वर पाऊस. गोड होतं सगळं, मान्य. पण गोडव्यावर फिजिओचा पगार निघत नाही.

ब्रान झाल्यावर पहिल्याच वर्षी, २०२२ ला, लीग आणि कप दोन्ही जिंकले. २०२३-२४ मध्ये चॅम्पियन्स लीगचा ग्रुप पार करून क्वार्टर फायनलला बार्सिलोनाशी खेळले. हरले, पण बार्सिलोना बर्गनला आली! ज्या बायकांनी आयुष्यभर फक्त पुरुषांच्या ब्रानसाठी घसा कोरडा केला त्या आता पोरींच्या सामन्यालाही तोच मफलर घालून येतात. बर्गनमध्ये ब्रान म्हणजे काय ते बाहेरच्याला कळणार नाही, तो क्लब नाही, ते गावाचं आडनाव आहे. मुलींना ते आडनाव मिळालं तर वाईट काय झालं?

'आयतं ताट' हा शब्दही पटला नाही. सांडविकेनच्या लोकांनी स्वतः बसून, चर्चा करून हे केलं. त्यांना पुढचा रस्ता दिसत होता.

---

ओस्लोकर

@पावसाळी_बर्गन, बार्सिलोना बर्गनला आली यात मलाही आनंदच आहे. माझा आक्षेप नावाला नाही, किल्लीला आहे. सांडविकेनमध्ये निर्णय घेणारे लोक मुलींच्या संघासाठीच जमलेले होते. मोठ्या क्लबात एखाद्या वर्षी पुरुषांचा संघ खाली घसरला आणि खर्च कापायची वेळ आली, तर पहिली कात्री कुठे लागेल?

---

पावसाळी_बर्गन

ब्रानचे पुरुष २०२१ च्या शेवटी खालच्या लीगमध्ये गेले होते. २०२२ ला महिला संघ दोन्ही चषक घेऊन आला तेव्हा पुरुष दुसऱ्या लीगमध्ये खेळत होते. कात्री लागली नाही. :)

---

ओस्लोकर

हा मुद्दा बिनतोड आहे, पॉइंट तुमचा. एका क्लबाचा दाखला आहे हे मात्र नोंदवून ठेवतो.

---

शंकासुर

मला एक कळत नाही. स्कोअर ठेवायचा नाही, चार गोलांनी हरणाऱ्याला जादा प्लेअर द्यायचा, सगळ्यांनी मिळून वाफल खायचं. मग जिंकायची भूक येणार कुठून? २०२२ च्या युरोमध्ये (युरोपच्या देशांची स्पर्धा) इंग्लंडने नॉर्वेला ८-० ने धुतलं, ते विसरलात वाटतं. २०२५ ला इटलीकडून २-१ हरून घरी, त्यात तुमच्या आदाने पेनल्टी बाहेर मारली.

---

निशिगंधा

शंकासुर आले, धागा शंभरी गाठणार.

---

गोळीबंद

@शंकासुर, त्याच सामन्यात बरोबरीचा गोलही तिचाच होता, तेवढं लिहायचं राहिलं तुमचं.

आणि जरा मागे जाऊन बघा. नॉर्वेच्या फुटबॉल संघटनेने महिला फुटबॉलला मान्यता दिली १९७६ मध्ये. त्याआधी ओस्लोच्या बीयूएल क्लबाच्या मोल्फ्रिड कुवोससारख्या बायकांनी स्वतःच सामने भरवले. तिला तिथे महिला फुटबॉलची आई म्हणतात. १९८६ मध्ये मेक्सिकोत फिफाच्या अधिवेशनात नॉर्वेची प्रतिनिधी एलेन विल्ले बोलायला उभी राहिली. त्या व्यासपीठावरून बोलणारी ती पहिली बाई, तीही ठेंगणी, माइकमागे जेमतेम दिसणारी. आम्हाला वर्ल्ड कप हवा आणि ऑलिंपिकमध्ये जागा हवी, असं तिने भर सभेत मागितलं. १९८८ ला चीनमध्ये चाचणी म्हणून स्पर्धा झाली, ती नॉर्वेने जिंकली. १९९१ च्या पहिल्या वर्ल्ड कपमध्ये उपविजेते, १९९५ ला फायनलमध्ये जर्मनीला २-० ने हरवून विजेते, २००० ला अमेरिकेला हरवून ऑलिंपिक सुवर्ण. त्या सगळ्या पोरी अशाच आस्कर, ओर्न, क्लेपसारख्या क्लबांतून आलेल्या. भूक होती की!

मग ८-० का झालं? भूक कमी झाली म्हणून नव्हे. इंग्लंड, स्पेन उशिरा जेवायला बसले, पण ताट मोठं घेऊन बसले.

---

ओस्लोकर

+१ गोळीबंद. आणि स्कोअरचं म्हणाल तर तक्ता छापत नाहीत एवढंच. माझ्या पोरीला प्रत्येक सामन्याचा स्कोअर तोंडपाठ असतो, समोरच्या टीमचाही. गाडीत बसल्या बसल्या हिशेब सुरू. बंदी पालकांवर आहे, पोरांवर नाही.

या नियमांचा उद्देश चॅम्पियन घडवणं हा नाहीच. दहाव्या वर्षी कुणी गळू नये, एवढाच आहे. मुली साधारण १३ ते १६ मध्ये खेळ सोडतात, ती गळती इथेही आहे.

---

उत्तरवारा

स्वीडनमधून लिहितोय. कोल्बोट्नला चिरडणाऱ्या उमेओची पुढची कथा ऐका. दोनदा युरोप जिंकलेला (२००३, २००४) तो संघही काही महानगरातला नव्हता, उत्तरेकडच्या विद्यापीठाच्या गावातला. मार्ता गेली, पैसा आटला, आणि २०१६ ला संघ वरच्या लीगमधून खाली.

स्टॉकहोमजवळच्या ट्युरेसोने उलटं केलं. झटपट पैसा ओतला, मार्ताला आणलं, २०१४ ला चॅम्पियन्स लीगच्या फायनलपर्यंत गेले आणि त्याच वर्षी दिवाळं. गोटेनबर्गचा महिला संघ २०२० मध्ये लीग जिंकून लगेच बंद व्हायला निघाला होता, तेव्हा हेकेन या क्लबाने तो घेतला. नाहीतर चॅम्पियन संघ बेघर झाला असता.

म्हणून ओस्लोकर, तुमची हळहळ समजते, पण एकट्या महिला क्लबाला टेकू लागतोच. वादाचा मुद्दा टेकू कुणाचा आणि कुठल्या अटीवर, एवढाच.

---

रंकाळा

आमच्या कोल्हापुरात बघा, पाटाकडील, शिवाजी तरुण मंडळ, दिलबहार, ह्या आमच्या फुटबॉलच्या तालमी, सगळा कारभार पेठेतल्या पोरांचा. वर्गणी काढायची, शाहू स्टेडियमवर गर्दी करायची, हरलं की आठवडाभर चहा गोड लागत नाही. मालक कुणी नाही. त्यामुळे हा कोल्बोट्न प्रकार वाचून लई ओळखीचा वाटला. फक्त आमच्याकडं पेठेची ईर्ष्या म्हणजे गड्यांची ईर्ष्या. पोरींना त्यात जागा कुठाय? भावाच्या मॅचला जायचं तर घरात दहा प्रश्न.

ओस्लोकर, एक सांगा. पोरगी मोठ्या क्लबात गेली की लहान क्लबाला काय मिळतं? आमच्याकडं तर पोरगं दुसऱ्या तालमीत गेलं की फक्त शिव्या मिळतात.

---

ओस्लोकर

@रंकाळा, लाखमोलाचा प्रश्न. खरी मेख इथेच आहे.

पुरुषांच्या फुटबॉलमध्ये फिफाचे दोन नियम आहेत. एक, प्रशिक्षणाची भरपाई: खेळाडूने पहिला व्यावसायिक करार केला, किंवा ठरावीक वयाच्या आत दुसऱ्या देशातल्या क्लबात गेला, की त्याला घडवणाऱ्या क्लबांना पैसे. दोन, करार चालू असताना तो परदेशी क्लबाला विकला गेला तर त्या रकमेतला ५ टक्क्यांपर्यंतचा वाटा त्याच्या १२ ते २३ वयातल्या क्लबांमध्ये वाटला जातो. नॉर्वेचा स्टार खेळाडू एर्लिंग हालांड ब्रूनेसारख्या छोट्या गावातला. तो मोठमोठ्या रकमांना विकला गेला तसा त्याच्या गावच्या क्लबालाही हिस्सा मिळाला.

महिलांना पहिला नियम लागूच नाही. फिफाच्या नियमावलीत तसं स्पष्ट लिहिलंय. कारण असं दिलं जातं की भरपाईच्या ओझ्याने मोठे क्लब मुलींना घ्यायचेच नाहीत. दुसरा नियम लागू आहे, पण मुली बऱ्याचदा करार संपल्यावर फुकट जातात, आणि विकल्या गेल्या तरी रक्कम पुरुषांच्या मानाने किरकोळ. पाच टक्के कशाचे काढणार?

कोल्बोट्नमधून आदा आणि आन्द्रीने २०१२ ला स्टाबेकला गेल्या, वर्षभरात जर्मनीत, मग आदा २०१४ ला फ्रान्सच्या ल्यों क्लबाला. तिथे सहा चॅम्पियन्स लीग. हाच प्रवास एखाद्या मुलाने केला असता तर त्याच्या लहानपणच्या क्लबाने दोन-तीन नवी मैदानं बांधली असती. मोठे क्लब नकोत असं माझं म्हणणं नाही. उत्तरवारा म्हणतात तसा टेकू लागतो. पण जिथे मुलगी सहाव्या वर्षी पहिल्यांदा बूट घालते तिथे परत काहीच येत नाही, हे काही बरोबर नाही.

---

पावसाळी_बर्गन

या मुद्द्यावर मात्र मी तुमच्या बाजूने. २०१७ ला नॉर्वेच्या पुरुष खेळाडूंनी जाहिरातींच्या पैशातले साडेपाच लाख क्रोनर सोडून राष्ट्रीय संघाचं मानधन मुलींच्या बरोबरीने केलं. जगभर कौतुक झालं. पण ते वरच्या तेवीस-चोवीस जणींचं झालं. खाली झिरपलं नाही. आता संघटनेची अध्यक्ष लिसे क्लावेनेस आहे, स्वतः राष्ट्रीय संघात खेळलेली, आमच्या बर्गनकडची. तिच्याकडून आशा आहे.

---

शंकासुर

चला, कधी नव्हे ते दोघांचं एकमत झालं. वाफल वाटा.

---

मी_सायली

सगळा धागा एका बैठकीत वाचला. आम्ही येत्या उन्हाळ्यात पुण्याहून ओस्लोला येतोय, मुलगी आठ वर्षांची, सोसायटीत मुलांबरोबर खेळते. तिला क्लबात घालायचं तर काय करावं लागतं? चाचणी असते का? आम्हाला दोघांनाही फुटबॉल ओ की ठो कळत नाही.

---

ओस्लोकर

@मी_सायली, चाचणी नाही. या वयात कुणालाही नाकारत नाहीत. घराजवळचा क्लब शोधा, मोठ्या नावाच्या मागे लागू नका. शाळेतल्या वर्गमैत्रिणी जिथे जातात तोच बघा, तिची भाषाही तिथेच लवकर सुटेल. वेबसाइटवर नाव नोंदवायचं, बहुतेक क्लब आधी दोन-चार वेळा फुकट येऊ देतात. मग सभासद वर्गणी आणि प्रशिक्षणाची फी अशा दोन वेगळ्या पावत्या येतील. फी जड वाटली तर न लाजता विचारा, सवलतीची सोय बऱ्याच ठिकाणी असते. कपडे आणि बूट वापरलेले घ्या, सहा महिन्यांत लहान होतात.

आठ वर्षांची म्हणजे पाच-पाचच्या टीममध्ये जाईल. कृत्रिम गवताचे काळे रबराचे दाणे घरभर होतील, बूट दाराबाहेर झटकायची सवय पहिल्या दिवसापासून लावा.

फुटबॉल कळत नाही याची काळजी नको. पहिल्या पालकसभेला गेलात की कामांचा कागद फिरेल. कोच व्हायला सांगितलं तर पोलिसांकडून दाखला काढावा लागतो, मुलांसोबत काम करणाऱ्या सगळ्यांना तो लागतो, ऑनलाइन मिळतो. सुरुवातीला टपरीची पाळी घ्या. आणि टॉयलेट पेपर ठेवायला घरात जागा आहे का ते आत्ताच बघून ठेवा.

---

मी_सायली

फ्लॅट बघताना नवऱ्याला सांगते, स्टोअर रूम पाहिजेच. आभार!